खंडेनवमीचा आहेर

वर्षातून एकच दिवस माणसांनी भरलेल्या कारखान्यात माग थांबलेले असतात आणि नेमकं त्याच दिवशी म्हाताऱ्या मालकांना, चनमल्लप्पांना, नीट ऐकू येत नाही. एरवी मागांच्या खडखडाटात जो तो ओरडून बोलतो, ते त्यांना बरोबर ऐकू येतं. खंडेनवमीला सगळे माग धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून गप्प उभे असतात, माणसं हळू आवाजात बोलायला लागतात आणि म्हातारा सकाळपासून चिडायला लागतो.

"काय म्हणतोय हा शिवू? मोठ्यानं बोल की जरा!"

"नोटीस तयार झाली म्हणतोय, अप्पा. सिद्धीच्या कंपनीला पाठवायची." थोरल्या बसलिंगप्पाने बापाच्या कानाशी वाकून सांगितलं.

शिवू धाकटा. कोर्टात वकिली करतो आणि घरच्या कारखान्याला फुकट सल्ला देतो. फुकट असल्यामुळे तो कुणी फारसा ऐकत नाही. पण गेल्या महिन्यात पुतणी सिद्धी पुण्याहून बॅगा घेऊन परत आली, तेव्हापासून घरात त्याच्या शब्दाला वजन आलं होतं. आज कारखान्याच्या ऑफिसात, मागे पूजेची गडबड चाललेली असताना, तो मोबाईलवरून नोटीस वाचत होता. मान ताठ होती, आणि ते साहजिकच होतं.

"राजीनामा मागून घेतलाय, तोही अर्ध्या दिवसात. म्हणजे तो राजीनामा नव्हेच, काढून टाकणंच झालं. माणसाला काढायचं तर कारण लेखी द्यायला लागतं. आरोप असेल तर चौकशी करायची, त्याची बाजू ऐकून घ्यायची. काम कमी झालं असेल तर आधी नोटीस द्यायची, भरपाई द्यायची. ह्यातलं त्यांनी एक तरी केलंय का?"

"नामर्द आहेत साले!" बसलिंगप्पाने टेबलावर हात आपटला, तसा पूजेचा नारळ घरंगळला. "चार वर्षं पोरीनं रात्रंदिवस राबायचं, आणि काढताना समोर उभं राहायची हिंमत नाही ह्यांच्यात. व्हिडिओ कॉल करतात! कारण विचारलं तर सांगत नाहीत!"

"मी विचारलंच नव्हतं, पप्पा," सिद्धेश्वरी म्हणाली.

ती खिडकीपाशी बसून झेंडू ओवत होती. गणपतीच्या दिवसांतली ती दुपार तिला आठवायची नसली तरी आठवायची. साहेब अगदी प्रेमाने बोलले होते. कंपनी म्हणजे कुटुंब, तुला पाठवताना आम्हालाच वाईट वाटतंय, पण संध्याकाळपर्यंत तू स्वतःहून राजीनामा दिलास तर शिफारसपत्र चांगलं देऊ. तिने मान डोलावली आणि बटण दाबलं. आठवड्याने खोलीवर एक सुंदर खोकं आलं. त्यात कॉफीचा मग, मेणबत्ती, एक छोटंसं रोप आणि 'तू कायम आमचीच' असं कार्ड. ते रोप तिने घरमालकिणीला देऊन टाकलं.

"तू फक्त हो म्हण," शिवू म्हणाला. "आज पाठवतो."

"नोटीस पाठवली की सगळ्यांना कळेल. आत्ता 'नोकरी सोडली' म्हणतात. मग 'काढली' म्हणतील."

"म्हणू देत! लाज त्यांना वाटायला पाहिजे," बसलिंगप्पा म्हणाला. हे बोलताना त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. मुलीच्या बाबतीत तो असाच होता आणि ते त्याच्या सगळ्या कामगारांना ठाऊक होतं.

ओवलेली माळ घेऊन सिद्धेश्वरी आतल्या खोलीत आजीकडे गेली.

---

नागव्वा जमिनीवर बसून आहेर लावत होती. धोतरजोडी, शेला, सदऱ्याचं कापड, आणि सगळ्यांत वर डाळिंबी रंगाचं इरकल लुगडं. शेजारी ओटीचं सूप, त्यात गहू, खण, हळकुंडं, नारळ. सगळं रीतसर होतं, तरी तिचा हात सारखा थांबत होता.

लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा सासरे महादेवप्पा जिवंत होते. ही पद्धत त्यांनीच पाडली. ज्याला यापुढे कामावर यायचं नाही, त्याला खंडेनवमीला पूर्ण आहेर. इतरांना टॉवेल आणि मिठाईचा पुडा. त्या एकट्याला धोतर, शेला, आणि त्याच्या बायकोची ओटी घरच्या बाईच्या हातून. बोलायचं काही नाही. घेणाऱ्याला कळतं, बघणाऱ्यांना कळतं, आणि दसऱ्यानंतर तो माणूस येत नाही. "आम्ही कधी कुणाला काढलं नाही, मानानं पाठवलं," हे वाक्य ह्या घरात जावयांना, व्याह्यांना, बँकेच्या साहेबांना, सगळ्यांना ऐकवून झालेलं होतं. नागव्वालाही त्याचा अभिमान होता, तिने तो बरीच वर्षं बाळगला.

मग एकदा वळसंगच्या लग्नाहून येताना गाडी मंद्रूपच्या बाजारात थांबली. एक बाई गवारी विकायला बसली होती. गवारीखाली जमिनीवर अंथरलेलं लुगडं नागव्वाने ओळखलं. एका खंडेनवमीच्या आहेरातलं, काठ तिने स्वतः निवडले होते. तिने बाईलाही ओळखलं. "बरं हाय का गं?" असं विचारलं. त्या बाईने मान वर केली नाही, फक्त "किती घालू?" म्हणाली. नागव्वाने पाव किलो गवारी घेतली आणि गाडीत बसली. ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती.

"कुणाला गं हे, अज्जी?" सिद्धेश्वरी दारात उभी होती.

"रेश्माला."

"जोतिरामकाकाच्या रेश्माकाकूला? ते कुठं चाललेत?"

नागव्वा सुपातला नारळ सरळ करत बसली. सिद्धेश्वरी त्या इरकलाकडे बघत राहिली. लहानपणी दर वर्षी दोघा-एकांना असा मोठा आहेर मिळताना तिने पाहिला होता आणि तिला वाटायचं की ज्याचं काम सगळ्यांत चांगलं त्याला हे बक्षीस मिळतं. एकदा तिने आपल्या मैत्रिणीला तसं सांगितलंही होतं. त्यांतलं कुणीच दसऱ्यानंतर परत दिसलं नव्हतं, हे तिला आता आठवलं.

"अज्जी, त्यांना सांगितलंय का?"

"सांगायचं काय त्यात, पोरी? आपल्यात सांगत न्हाईत. सांगितलं की माणसाचा अपमान होतो."

"कुणी म्हटलं?"

कुणी म्हटलं, ते नागव्वाला आठवेना. सासऱ्यांनी म्हटलं असेल. ज्यांना आहेर दिला त्यांच्यापैकी कुणी म्हटल्याचं तर तिला आठवत नव्हतं.

---

जोतिराम ह्या कारखान्यातला जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करणारा, सुताचा नवा बीम चढला की मागाला वळण लावणारा. मंद्रूपच्या शेतकरी घरातला. मिसरूड फुटायच्या आत इथे आला आणि चनमल्लप्पांच्या हाताखाली शिकला. बसलिंगप्पा आणि तो बरोबरीने वाढले. एकाने मालकी शिकली, दुसऱ्याने माग. सिद्धेश्वरीला सायकल त्यानेच शिकवली होती, मागे धरून पळत, कारखान्याच्या अंगणात.

आणि आता दिवाळीच्या आधी रॅपियर माग येणार होते. त्यांना धोटा नसतो, बटणं असतात. बसलिंगप्पाने कर्ज काढलं होतं, झोप घालवली होती. मशीनवाल्यांनी सांगितलं की बरोबर इचलकरंजीचा एक तयार माणूस देतो. मग जोतिरामचं काय, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला. पण जोतिरामला समोर बसवून हे बोलायचं, ह्या कल्पनेनेच त्याला घाम फुटायचा. तेव्हा त्याला आजोबांची पद्धत आठवली आणि फार बरं वाटलं.

म्हणून मुलगी तरातरा ऑफिसात येऊन "जोतिरामकाकाला काढताय?" असं म्हणाली, तेव्हा आधी त्याला रागच आला.

"काढत नाही. मानानं..."

"पप्पा, यापुढे त्यांनी यायचं की नाही?"

"सिद्धी, तुला धंद्यातलं काय कळतं? नवीन मशीन येतायत. त्याला ते जमणार नाही."

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय! आहेर दिला की त्याला कळेल."

"मलापण कळलं होतं, पप्पा. साहेबांनी कॅमेरा लावला तेव्हाच कळलं होतं. कळणं आणि सांगणं एकच असतं का?"

बसलिंगप्पाने भावाकडे मदतीसाठी पाहिलं. शिवू खुर्चीत चुळबुळ करत होता. ही भानगड आपल्यावर येणार, हे त्याला दोन मिनिटांपूर्वीच दिसलं होतं.

"हे बघ सिद्धी," तो घसा साफ करत म्हणाला, "कायद्याच्या दृष्टीनं आहेर सगळ्यात सोयीचा. काही लिहून दिलं नाही, तोंडानं बोललो नाही, म्हणजे आपण काढलंच नाही. तो स्वतःहून यायचा थांबला. उद्या तक्रार केलीच तर..."

"काका, तुमची ती नोटीस काढा जरा. माझी. त्यात हेच वाक्य असेल ना? कंपनीनं असं असं केलं म्हणून?"

शिवूने मोबाईल उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. वकील असला तरी माणूस वाईट नव्हता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तसं बघितलं तर... जोतिरामची इतकी वर्षं झालीत. नोटीस, भरपाई, ग्रॅच्युइटी, सगळं द्यायलाच लागतं."

"आता? आता सांगतोस तू हे? परवा तूच म्हणालास ना, आहेर देऊन मोकळा हो!"

"परवा तू फक्त 'सोपं काय' तेवढंच विचारलं होतंस."

"काय म्हणतायत हे?" चनमल्लप्पा कोपऱ्यातून ओरडले. "कुणाची नोटीस?"

सिद्धेश्वरी त्यांच्यापाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "अज्जा, जोतिरामकाकाला न सांगता काढू नका म्हणतेय!"

बाहेर झेंडूच्या पाट्या उचलणाऱ्या दोन बाया जागच्या जागी थबकल्या. बसलिंगप्पाने घाईघाईने खिडकी लावली.

"काढू?" म्हातारा उठून उभा राहिला. "ह्या घरानं काढलंय कुणाला? माझ्या बापानं गड्याच्या पाया पडून निरोप दिलाय. तुझ्या त्या कंपनीची आन् आमची बरोबरी करतीस? ती कंपनी हाय. हे घर हाय!"

"त्यांनीपण घरच म्हटलं होतं, अज्जा."

चनमल्लप्पांनी हे ऐकलं की नाही, ते कळलं नाही. ते परत खुर्चीत बसले आणि काठीची मूठ चोळत राहिले. तेवढ्यात पूजा सांगणारे जंगमस्वामी आले, घंटा वाजली आणि सगळ्यांना बाहेर जावं लागलं.

---

पूजा झाली. कोहळा दर वर्षीसारखा जोतिरामनेच फोडला, एका घावात, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंगती उठल्या. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, थोडी पातळ झाली होती, तरी लोकांनी मागून मागून खाल्ली. मग मधल्या पट्ट्यात, मागांच्या दोन रांगांमध्ये, जाजम अंथरलं गेलं. एकेकाचं नाव पुकारून टॉवेल आणि मिठाई वाटून झाली. जोतिरामचं नाव पुकारलं गेलं नाही.

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग आतल्या खोलीतून नागव्वा आहेर आणि ओटीचं सूप घेऊन येताना दिसली, तेव्हा बघायचं थांबवलं. बायकांच्या घोळक्यात रेश्मा बसली होती. शेजारच्या बाया नकळत थोड्या सरकल्या आणि तिच्याभोवती मोकळी जागा झाली. तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

नागव्वा तिच्यासमोर पाटावर बसली. हळद लावली, कुंकू लावलं. रेश्माचं कपाळ थंडगार लागत होतं. आता ओटी भरायची. रेश्माने रीतीप्रमाणे पदर पसरायला हवा होता, पण तिचे हात हलत नव्हते.

"अव्वा," ती पुटपुटली, "आमचं काय चुकलं?"

नागव्वाने इरकल उचललं होतं. ते तिने मांडीवर ठेवलं. आजवर असा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, किंवा कुणी विचारावं म्हणून ती कधी थांबली नव्हती. ती वळली, आणि खंडेनवमीच्या त्या शांततेत नवऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली.

"हे लुगडं मी देणार न्हाई."

"अव्वा!" बसलिंगप्पा पुढे झाला.

"तू थांब. तुमी सगळे म्हणता, ह्या घरानं कुणाला काढलं न्हाई. खरं हाय. तुमी कुणाला काढलंच न्हाई. तुमच्या बापानं न्हाई, तुमी न्हाई, ह्या बसूनं न्हाई. लुगडं दिलं कुणी? मी. माणसं मी काढली, माझ्या हातानं, कुंकू लावून लावून. तुमी पलीकडं तोंड करून बसायचा." तिचा आवाज फाटला. "बाजारात मला बघून बाया मान वर करत न्हाईत. मला वाटायचं, उपकार इसरल्या. द्यायचंच असंल तर आदी तोंडानं सांगा त्याला. मग मी देते."

सिद्धेश्वरी खांबाला टेकून उभी होती. इतकी वर्षं आजीला ती फक्त आजी समजत होती, आणि आता तिला आजीच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं.

जोतिराम जाजमावरून उठला. पुढे आला, पण फार जवळ नाही.

"सांगा की, मालक," माग चालू असताना बोलायचा तशा मोठ्या आवाजात तो चनमल्लप्पांना म्हणाला. "अव्वा म्हणत्यात ते बरोबर हाय. मी शेला घेऊन घरला जाईन, पर गावात लोक इचारतील. चोरी केली का, दारू पिऊन आला का? आहेर घेऊन गेलेल्या माणसाला दुसऱ्या कारखान्यात कुणी उबं करत न्हाई, ठावं हाय का तुमास्नी? म्हणत्यात, तितल्या मालकांनी कायतरी बगितलं असंल, उगं का पाठवतील. अन् आमाला सांगता येत न्हाई काय झालं ते, कारण आमालाच ठावं नसतंय."

चनमल्लप्पांनी ह्यातला शब्द न् शब्द ऐकला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. आपल्या आहेराने माणसाची पुढची दारं बंद होतात, हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार कोण, ज्यांना सांगता आलं असतं ते पुन्हा कधी आलेच नव्हते. लग्नाला नाही, मयताला नाही. म्हाताऱ्याने काठी जाजमावर टेकवली. मग त्याने मुलाकडे पाहिलं.

"बसू. सांग त्याला."

"अप्पा, मी..."

"ठरवलं तू. सांगायचं तूच."

बसलिंगप्पाने जोतिरामकडे तोंड केलं. त्याने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबला. बायका, पोरं, कामगार, जंगमस्वामी, सगळे बघत होते. शेवटी तो म्हणाला, "जोतिराम, आम्ही तुला कामावरून काढतोय."

ते वाक्य तीन पिढ्यांत ह्या छपराखाली पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. रेश्माने तोंडाला पदर लावला. जोतिरामने मात्र मान हलवली, जणू इतका वेळ तो हेच नीट ऐकायला थांबला होता.

"का?" त्याने विचारलं.

सिद्धेश्वरी खांबापासून एक पाऊल पुढे आली. एवढाच शब्द होता. त्या दुपारी तो तिच्या जिभेवर होता आणि तिने तो गिळला होता, साहेबांना अवघड वाटू नये म्हणून.

"कायद्यानं सगळं मिळेल तुला," शिवू मध्येच म्हणाला. त्याला काहीतरी भलं करायचं होतं. "महिन्याची लेखी नोटीस, भरपाई, ग्रॅच्युइटी. मी स्वतः बघतो. एक पै..."

"ते तुमी देणारच, वकीलसाहेब. न्हाई दिलं तर मी येईन की तुमच्याच कोर्टात." दोघं-तिघं हसले, जोतिराम हसला नाही. "मी ह्यांना इचारलं. का?"

"खुर्ची द्या रे त्याला," चनमल्लप्पा म्हणाले.

कुणीतरी ऑफिसातली खुर्ची आणली. मालकासमोर खुर्चीवर बसायची जोतिरामला सवय नव्हती, तो अगदी कडेवर टेकला. बसलिंगप्पा त्याच्यासमोर बसला. इतक्या जवळून त्याने जोतिरामचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"नवीन माग येतायत," तो म्हणाला. "रॅपियर."

"व्हय. समद्यांना ठावं हाय."

"तुला ते जमणार नाहीत."

"मला दावले कवा?"

"नाही... पण वय झालंय आता तुझं."

"तुमच्यापरीस दोन वर्सांनी मोठा हाय मी."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. बसलिंगप्पाने रुमालाने कपाळ पुसलं. नागव्वा मांडीवर इरकल घेऊन तशीच बसून होती, आणि रेश्मा तिच्याकडे न बघता बसलिंगप्पाकडे बघत होती.

"इचलकरंजीचा एक माणूस येणार आहे," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं, मशीनबरोबर माणूस पण देतो. म्हणून मग..."

"म्हणून मग काय, बसूअण्णा?"

जोतिराम रागाने बोलत नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, उत्तर मिळेपर्यंत थांबायची त्याची तयारी होती आणि उद्या दसऱ्याची सुट्टीच होती. बसलिंगप्पाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, नवे माग, कर्ज, इचलकरंजी. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की ह्या माणसाला काढायचं हे आपण ठरवलं होतं, पण का, ते कधी ठरवलंच नव्हतं.